नवीन चुलीचा पहिला जाळ कसा धरायचा?

वाशीकरीण (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. परड्यात नवी चूल घातलीय. मातीची, एका तोंडाची, शेजारी भांडं ऊन ठेवायला वैल. घालून आज बारा दिवस झाले. पेटवायची वेळ आलीय, पण हात धजत नाही. गेल्या वर्षीचं अजून डोळ्यापुढनं हलत नाही.

गेल्या वर्षी गावच्या जत्रेआधी चारच दिवस चूल घातली होती. वरनं वाळलेली दिसत होती, बोट लावलं तर कोरडी. जत्रेच्या सकाळी थेट बाभळीची दोन लाकडं लावली आणि पाच किलो मटणाचं पातेलं चढवलं. अर्ध्या तासात आतनं ‘टप्प’ असा आवाज झाला आणि मागच्या भिंतीचा तळहाताएवढा पोपडा उडून जाळात पडला. पाठोपाठ डाव्या अंगाला काठापासून बुडापर्यंत चीर गेली, त्या बाजूचा उंचवटा खचला आणि पातेलं कललं. रस्सा गेला त्याचं काही नाही, पण धाकटी लेक तिथंच कांदा चिरत बसली होती. उकळता कट तिच्या पायापासून वीतभरावर येऊन थांबला. त्या दिवसापासून परड्यात चूल नव्हती, सगळं गॅसवरच.

ही चूल आत्तींनी आणि मी मिळून घातलीय. ओढ्याकडची चिकणमाती चाळून घेतली, त्यात शेण आणि भाताचं तूस घातलं, आठ दिवस भिजत ठेवून रोज तुडवली. भिंत चार बोटं जाड आहे. आत्ती म्हणतात, पहिले तीन दिवस तिच्यावर काही रांधायचं नाही, नुसती ऊब द्यायची. शेजारच्या काकी म्हणतात, पहिल्याच दिवशी दणकून जाळ घाल, म्हणजे मातीची वीट होते. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला येणारे पाहुणे आमच्यात उतरतात, तोवर चूल उभी राहायला पाहिजे. ज्यांनी स्वतः चूल घालून पेटवलीय त्यांनी जरा सविस्तर लिहा.

गुऱ्हाळकर (सोमवार, रात्री १०.०५)

वहिनी, आत्तींचं ऐका. आमच्यात दरसाल दसऱ्यानंतर गुऱ्हाळ सुरू व्हायच्या आदी चुलवण नव्यानं लिपून घेतोय. एवढं मोठ्ठं चुलवण, वर हजार लिटरच्या पुढची काहील, पण पयल्या दिवशी कुणी रस उकळत न्हाई. काहिलीत पाणी भरायचं आन् चिपाडाचा बारीक जाळ सोडायचा. सांजच्याला बंद. दुसऱ्या दिवशी वाढवायचा. तिसऱ्या दिवशी रस. माझ्या आज्जापासनं हेच चाललंय. एका साली ऊस तोडून पडला हुता म्हणून घाई केली, तर चुलवणाचं तोंडच फाकलं आन् हंगामातले चार दिवस वाया गेले. तोडलेला ऊस उन्हात वाळला तो येगळाच.

शाडूमाती (सोमवार, रात्री ११.२०)

ताई, माझं माहेर कुंभारवाड्यातलं. तुमच्या चुलीचा पोपडा का उडाला ते सांगते, म्हणजे पुढचं आपोआप कळेल.

मातीत पाणी एकाच ठिकाणी नसतं. कणाकणांच्या मधलं पाणी वाऱ्यानं जातं, तेवढं गेलं की वरनं चूल वाळली असं वाटतं. पण भिंतीच्या पोटात बारीक छिद्रांतून बरंच अडकलेलं असतं. चार बोटं जाड भिंत चार दिवसांत कधीच सुकत नाही. मोठा जाळ घातला की ते पाणी आतल्या आतच वाफ होतं, आणि पाण्याची वाफ झाली की ती साधारण १७०० पट जागा मागते. बाहेर निघायला वाट नसली की ती मातीच उचलून फेकते. तो ‘टप्प’ आवाज तिचाच. मडकी भाजताना आमच्या आव्यातही हेच होतं. कच्चं मडकं ओलं राहिलं आणि आच लवकर चढली तर आव्यात फुटल्याचा आवाज बाहेरपर्यंत येतो आणि आईचा चेहरा उतरतो.

काकींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. माती भाजून पक्की होते ती सुमारे ५०० ते ६०० अंशांच्या पुढे, तेव्हा मातीत मुरलेलं शेवटचं पाणी सुटतं आणि ती परत पाण्यात विरघळत नाही. चुलीचा आतला भाग वापरून वापरून लालसर होतो तो याच्यामुळं. पण बाहेरची भिंत कधीच तेवढी तापत नाही, ती कच्चीच राहते. म्हणून तर आपण आयुष्यभर चुलीला पोतेरं घालतो. वीट व्हायला वीटभट्टीसुद्धा दिवसच्या दिवस जळते, आणि त्याआधी कच्च्या विटा उन्हात वाळवून घेतलेल्या असतात. एका दिवसाच्या दणक्यात वीट होत नाही, चूल जाते.

आता ओल आहे का नाही ते असं बघा. संध्याकाळी चुलीच्या आतल्या तळावर काचेची बशी पालथी घाला, कडेनं राखेनं बंद करा. सकाळी उचलून बघा. काचेला आतनं दव धरलं असेल तर अजून चार दिवस थांबा. दुसरं म्हणजे हाताची पालथी बाजू भिंतीच्या सगळ्यात जाड जागी लावा. बाकीच्या भिंतीपेक्षा तिथं गार लागलं तर पोटात पाणी आहे. आणि ऊन दाखवू नका. उन्हात एक बाजू लवकर आकसते, दुसरी मागं राहते, चीर तिथंच पडते. सावलीत, वारा लागेल अशी ठेवा.

वाशीकरीण (मंगळवार, सकाळी ७.१५)

रात्रीच बशी ठेवली होती. आता उचलली तर आतनं बारीक थेंब! बारा दिवसांनीसुद्धा. आत्तींना दाखवली, त्यांनी बशीवर बोट फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, “बगितलंस? माझं न्हाई तर काचंचं तरी ऐक.” शनिवारपर्यंत थांबते.

पन्हाळ्याची हवा (मंगळवार, सकाळी ११.३०)

माझाही प्रश्न इथेच विचारतो, चूल वेगळी आहे पण अडचण तीच वाटते. पन्हाळ्यावर आमचं छोटं घर आहे. थंडीसाठी बिडाची बंद शेगडी करून घेतली, पुढे काचेचं दार, मागून पत्र्याची नळी छपराबाहेर काढलेली. आणली त्याच दिवशी भरपूर लाकूड घालून पेटवली. दहा मिनिटांत खोली धुरानं भरली, शिवाय रंग जळल्यासारखा इतका उग्र वास सुटला की आई-बाबांना बाहेर अंगणात बसवावं लागलं. कारागिराला फोन केला तर ‘पहिल्यांदा होतं असं’ एवढंच म्हणाला. तेव्हापासून पेटवलेली नाही. शेगडी खराब निघाली का?

ओतकामवाला (मंगळवार, रात्री ९.१०)

पन्हाळेकर, शेगडी खराब नाही. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ओतकामात तीस वर्षं काढली, तेव्हा दोघांनाही एकत्रच सांगतो.

आमच्याकडं वितळलेलं बीड ज्या डोलात घेतात, त्याला आतनं मातीचं अस्तर असतं. अस्तर नवं लावलं की आधी तो डोल तासन्‌तास जाळावर धरून सुकवायचा. का? त्यात थोडी जरी ओल राहिली आणि वर बाराशे-तेराशे अंशांचा रस पडला, तर पाण्याची वाफ होऊन रस उडतो. माणसं भाजलीत अशानं. ओतकामात नव्या पोराला पहिली गोष्ट हीच शिकवतात: ओलं भांडं, ओली वाळू, ओला लोखंडी रॉड, रसाजवळ काही ओलं न्यायचं नाही. कपोलाचं, म्हणजे बीड वितळवायच्या उभ्या भट्टीचं, अस्तर बदललं की तीच गत, आधी लाकडाचा मंद जाळ, मग कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा. वाशीकर ताईंच्या चुलीला आणि आमच्या भट्टीला नियम एकच.

आता बिडाचं. बिडात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो, तो ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात आत पसरलेला. म्हणून बीड दाब भरपूर सोसतं, पण ताण सोसत नाही. एक बाजू एकदम तापून पसरली आणि दुसरी गार राहिली की मध्ये ताण येतो आणि ते तडकतं. पोलादासारखं वाकत नाही. शिवाय तुमच्या शेगडीत सांध्यांना भट्टीचं सिमेंट भरलेलं असणार, आत विटाही असतील. त्यांच्यातही पाणी आहे.

म्हणून तीन वेळा तापवा. पहिल्यांदा तळाला दोन बोटं कोरडी राख किंवा वाळू पसरा, बिडाच्या तळाला थेट निखारा लागू देऊ नका. मूठभर काटक्या जाळा, पाऊण तास पुरे. वरचा पत्रा हाताला जेमतेम सोसवेल एवढंच तापवायचं. मग विझू द्या आणि पूर्ण गार होऊ द्या, रात्रभर. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त, दीड-दोन तास. तिसऱ्या दिवशी नेहमीसारखा जाळ. वास येतो तो शेगडीला दिलेल्या, उष्णता सोसणाऱ्या रंगाचा. तो रंग पहिल्यांदा तापताना आधी मऊ पडतो आणि मग पक्का होतो. तोवर त्याला हात लावू नका, भांडं ठेवू नका, फडक्यानं पुसू नका, डाग कायमचा बसतो. पहिल्या तिन्ही वेळा सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेवा आणि आई-बाबांना त्या दिवशी दुसऱ्या खोलीत बसवा. जसजशी जास्त तापेल तसतसा वास पुन्हा थोडा येईल, घाबरू नका. पहिल्यांदा विझली की काचेचं दार किंचित उघडं ठेवा, नाहीतर दाराच्या कडेनं फट बुजवायला बसवलेली दोरी रंगाला चिकटते.

धूर कोंडला तो नळी गार होती म्हणून. गरम हवा हलकी, ती वर जाते आणि मागनं ताजी हवा ओढून घेते, पण नळीत गार हवेचं बूच असलं की धूर तिथंच थबकतो आणि खोलीत येतो. पेटवण्याआधी एक वर्तमानपत्राचा पेटता बोळा नळीच्या तोंडाशी धरा, ‘सूं’ असा ओढ घेतल्याचा आवाज आला की मग काटक्या पेटवा. नळीचं वरचं टोक छपराच्या आढ्यापेक्षा उंच आहे ना तेही बघा. पन्हाळ्यावर वारा फिरतो, टोक खाली असेल तर वारा धूर परत आत ढकलतो.

आणि एक, हे मात्र जीवाशी आहे. बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो.

पन्हाळ्याची हवा (मंगळवार, रात्री १०.००)

काका, मनापासून आभार. राख पसरायचं कुणीच सांगितलं नव्हतं. नळीचं टोक आढ्याच्या फूटभर खालीच आहे, उद्या लोखंडवाल्याला बोलावतो.

पेठेतला (बुधवार, सकाळी ८.००)

माझा मुद्दा लहान आहे. मंगळवार पेठेत आमच्या घरी अजून तांब्याचा बंब तापतो, आजीला गिझरचं पाणी चालत नाही. नवा बंब घेतलाय. त्यालाही तीन वेळा तापवायचं का?

गुऱ्हाळकर (बुधवार, सकाळी ८.४०)

बंबाला तसलं काय नगं. पण आदी पाणी, मग जाळ. ह्यात चुकायचं न्हाई. मधल्या नळकांड्यात जाळ, भोवतीनं पाणी. पाणी नसताना पेटवला तर सांध्याचं झाळण वितळून गळती लागतीया. नवा हाय तर पयलं पाणी तापवून वतून टाका, कलईचा आन् चिंचंचा वास जातोय. दर येळी आदी नळ सोडून बघायचा, पाणी येतंय का, मगच काडी लावायची.

निवृत्त_ग्रामसेवक (बुधवार, दुपारी ३.१५)

सर्वांची माहिती वाचून बरं वाटलं. एक गोष्ट अनुभवाने सांगावीशी वाटते. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा आम्ही गावोगाव ‘निर्धूर चूल’ बसवून देत होतो. दोन तोंडं आणि मागे सिमेंटच्या नळ्यांचं धुराडं. चूल चांगली होती. पण बसवून देणारा निघून गेला की धुराडं झाडायचं कुणी सांगितलेलं नसायचं. ओलं जळण वापरलं की धुरातला चिकट काळा थर नळीत धरतो. दोन पावसाळ्यांत नळी निम्मी बुजते, धूर परत घरात येतो, आणि बाई म्हणते, “जुनीच बरी हुती.” अशा किती चुली मी पुढे फोडलेल्या बघितल्या. तो थर पेट घेऊ शकतो हेही लक्षात ठेवा. पन्हाळ्याच्या गृहस्थांनी हंगामाच्या सुरुवातीला आणि मध्ये एकदा नळी झाडून घ्यावी.

वाशीच्या ताईंची चूल उघड्या परड्यात आहे हे सगळ्यात चांगलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने घरातल्या चुलीच्या धुरापायी २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. माझ्या आईचे डोळे आणि छाती धुरातच गेली. २०१६ ला उज्ज्वला योजना आली तेव्हा मला तिचीच आठवण झाली. चुलीची चव मलाही हवी असते, पण चूल पेटते तिथं लेकराला पाठीला बांधून बसू नये.

वाशीकरीण (रविवार, रात्री ८.३०)

शनिवारी बशी कोरडी निघाली. आज पहिला दिवस.

सकाळी चुलीला हळद-कुंकू लावलं. आत्तींनी तळाला जुन्या चुलीची राख पसरली, त्यावर एका शेणीचे चार तुकडे केले आणि नुसते धुमसत ठेवले. ज्वाळा नाही, फुंकणी नाही. दोन तास मी शेजारी भाजी निवडत बसले. तासाभरानं बघते तर मागच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला रुपयाएवढा ओला डाग उमटला! मी घाबरले, आत्ती म्हणाल्या, “भ्याचं न्हाई. पाणी वाट काढतंय.” दुपारपर्यंत डाग वाळून गेला, मागं पांढुरकी कड राहिली. तेच पाणी गेल्या वर्षी आत कोंडलं असणार.

शाडूमाती (रविवार, रात्री ९.००)

अगदी तेच ताई. तो डाग दिसला म्हणजे तुम्ही बरोबर वेगानं चाललाय. उद्या काटक्या घाला, तूरकाट्या किंवा चिपाड असेल तर उत्तम. हाताच्या बोटापेक्षा जाड काही नको. जाळ तोंडाच्या बाहेर येऊ द्यायचा नाही.

वाशीकरीण (सोमवार, रात्री ८.१०)

तूरकाट्या घातल्या. तासभर ठीक होतं, मग उजव्या अंगाला केसासारखी चीर दिसली. लगेच माती लावू का? जळणाचंही विचारायचंय. घरात बाभूळ आहे, आंब्याची फांदी तोडलेली आहे, आणि कुंपणाची कण्हेर वाळून पडलीय.

शाडूमाती (सोमवार, रात्री ८.४५)

गरम असताना माती अजिबात लावू नका, ती वाळून निघून पडेल. पूर्ण गार होऊ द्या. केसासारखी चीर असेल तर तिला तशीच राहू द्या, ती तापताना मिटते आणि गार झाल्यावर दिसते. चिरीत नख गेलं तरच भरायची. आधी पाण्याचा हात फिरवायचा, मग तीच माती, त्यात चाळलेली राख आणि थोडं शेण मिसळून अंगठ्यानं आत दाबायची. वरवर लिंपून उपयोग नाही.

ओतकामवाला (सोमवार, रात्री ९.२५)

कण्हेर चुलीत घालू नका, ताई. विषारी झाड आहे, तिचा धूरही नको आणि तिच्या काडीनं काही ढवळायलाही नको. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, प्लॅस्टिक यांतलंही काही नको. घासलेट ओतून तर कधीच नाही.

आंबा कधी तोडलाय त्यावर आहे. ताज्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असतं. ते पाणी वाफ करण्यातच आच जाते, उरतो तो धूर. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा. खणखणीत वाजले तर वाळलेले, बद्द वाजले तर ठेवून द्या. टोकाला मधोमधून चांदणीसारख्या चिरा फुटलेल्या असल्या आणि साल हातानं सुटत असली की समजा जळणाला आलं. बाभूळ चांगली, पण तिची आच कडक, ती पाचव्या दिवसानंतर.

वाशीकरीण (मंगळवार, रात्री ९.००)

आंबा बद्द वाजला, गोठ्यात नेऊन ठेवला. चिरीत नख जात नाही, सोडून दिली. आज जांभळाच्या बारीक फोडी घातल्या, वर पाण्याचं पातेलं ठेवलं. पाणी उकळलं. पातेल्याखालचा उंचवटा मी तीन वेळा बघितला, हलला नाही.

पन्हाळ्याची हवा (बुधवार, सकाळी ९.४५)

नळी उंच केली. पेटता कागद धरल्यावर खरंच ‘सूं’ आवाज आला, आणि धूर सरळ वर. पहिला मंद जाळ झाला. वास आला, पण उघड्या खिडक्यांत निघून गेला. आई दाराशी बसून लांबूनच बघत होती.

वाशीकरीण (गुरुवार, रात्री ९.३०)

आज पाचवा दिवस. सकाळी लहान पातेल्यात दूध ठेवलं आणि पूर्वेच्या अंगानं उतू जाऊ दिलं. मुद्दाम थोडंच ठेवलं होतं, तापलेल्या भिंतीवर जास्त ओल नको म्हणून. मग आत्तींनी पहिली भाकरी थापली. तवा आधी कडेवर गरम करून घेतला. भाकरी तव्यावरनं काढून जाळासमोर उभी केली तशी टम्म फुगली. पहिला तुकडा चुलीत टाकला.

दुपारी बाभळीचं एक लाकूड लावलं. एकच. मागं सारून, तोंडाशी अर्धं. तासभर मी तिथनं उठले नाही. आवाज नाही, पोपडा नाही. केसासारखी चीर तापल्यावर दिसेनाशी झाली.

संध्याकाळी लेक परड्यात आली. गेल्या वर्षापासून ती चुलीच्या बाजूला यायची नाही. तिला पाट चुलीपासून चांगला दोन हात लांब टाकून दिला, पातेल्याच्या समोर नाही, बाजूला. चूल कितीही पक्की झाली तरी आता तिची जागा तीच. आरावर दोन वांगी आणि कांदे पुरलेत. बाहेरच्या भिंतीला हात लावला तर अजून कोमट आहे. तिनं पण लावून बघितला.

गुऱ्हाळकर (गुरुवार, रात्री ९.५०)

लय चांगलं झालं वहिनी. आता रात्री विझवताना वरनं पाणी मारू नका, नुसती राख वढून आर झाका. सकाळी राख बाजूला केली की इंगळ जिता असतोय, दोन तूरकाट्या ठेवल्या की पेटतीया. पावसाच्या आदी वर पत्रा टाकून घ्या, पन्हळीचं पाणी चुलीकडं येऊ देऊ नका. आन् पावसाळ्यात महिनाभर बंद राहिली तर परत शेणीच्या तुकड्यापासनंच सुरू करायचं.

वाशीकरीण (गुरुवार, रात्री १०.०५)

पत्रा उद्याच बघते. वांगी काढली. साल जळून आत लोण्यासारखी झालीत. भरीत करायला आत्ती बसल्यात.